थकलेला मेंदू आणि श्रमाचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



साथ संपली असे जेव्हा जाहीर होते, तेव्हा ते विधान संसर्गाच्या लाटेपुरते खरे असते. संसर्गाने मागे ठेवलेल्या आजाराला ते लागू पडतेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी कोविडसंबंधी जाहीर केलेली आणीबाणी ५ मे २०२३ रोजी मागे घेतली. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार त्या देशात सुमारे १९ लाख माणसे आपल्याला दीर्घ कोविडचा त्रास असल्याचे सांगत होती. म्हणजे रुग्णालयांतील खाटा रिकाम्या झाल्या, बाजार उघडले, गाड्या भरून धावू लागल्या. परंतु लक्षावधी माणसे आपल्या पूर्वीच्या प्रकृतीपर्यंत परतलेलीच नव्हती.

आपल्या देशात मृतांच्या संख्येवरून वाद झाला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाले असावेत, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये मांडला. सरकारी आकडा पाच लाखांच्याही खाली होता, आणि सरकारने तो अंदाज अमान्य केला. हा वाद महत्त्वाचा आहेच. परंतु मृतांची संख्या निदान वादाचा विषय तरी झाली. जे जगले, पण ज्यांची कामाची ताकद पूर्ववत झाली नाही, त्यांच्याविषयी वाददेखील झाला नाही.

या माणसांपैकी एका विशिष्ट गटाचा विचार येथे करावयाचा आहे. ज्यांच्या स्मरणावर, अवधानावर आणि विचार करण्याच्या वेगावर कोविडने परिणाम केला, त्यांचा हा गट. प्रश्न वैद्यकाचा आहे हे उघड आहे. पण तो तेवढाच नाही. ज्याच्यापाशी विकण्यासाठी श्रमशक्तीखेरीज दुसरे काही नाही, त्याची ती श्रमशक्ती अंशतः आणि बाहेरून दिसणार नाही अशा रीतीने घटली, तर तो तोटा कोणाच्या खात्यावर मांडला जातो? या प्रश्नाचे उत्तर आज फार सोपे आहे. तो तोटा सर्वस्वी त्या माणसाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या खात्यावर मांडला जातो. हे बदलावयाचे असेल, तर आधी आजाराचे स्वरूप नीट समजून घ्यावे लागेल.

आजाराला नाव रुग्णांनी दिले

या आजाराच्या इतिहासातील पहिली लक्षणीय गोष्ट अशी की, त्याला नाव वैद्यकीय संस्थांनी दिलेले नाही. एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्वज्ञ विदुषीने मे २०२० मध्ये स्वतःच्या आजाराचे वर्णन करताना समाजमाध्यमावर 'लाँग कोविड' हा शब्द वापरला. त्या वेळी अधिकृत समजूत अशी होती की, सौम्य कोविड दोन आठवड्यांत बरा होतो. ज्यांचा तो बरा होत नव्हता, ती माणसे एकमेकांना शोधत गेली, आपल्या लक्षणांच्या याद्या करत गेली, आणि त्यातून एक नवा आजार जगापुढे आला. रुग्णांच्याच एका संशोधन गटाने ५६ देशांतील ३,७६२ जणांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी सुमारे ८८ टक्के लोकांनी विचारशक्ती किंवा स्मरणशक्ती बाधित झाल्याचे नोंदवले होते. ४५ टक्क्यांना कामाचे तास कमी करावे लागले होते, आणि २२ टक्के जण आजारामुळे काम करीतच नव्हते. ही पाहणी आपण होऊन उत्तरे देणाऱ्या रुग्णांची होती. त्यामुळे हे प्रमाण साऱ्या कोविडग्रस्तांना लावता येणार नाही. परंतु आजाराचे रूप कळण्यास ती पुरेशी होती.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या स्थितीची व्याख्या केली. संसर्गानंतर साधारणतः तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारी लक्षणे, असा तिचा आशय आहे. थकवा आणि श्वास लागणे यांच्याच जोडीने विचारशक्तीतील बिघाड हे प्रमुख लक्षण म्हणून त्या व्याख्येत नोंदले गेले. म्हणजे रुग्ण जे दीड वर्ष सांगत होते, ते अखेर मान्य झाले.

इंग्रजीत या बिघाडाला 'ब्रेन फॉग' म्हणतात, म्हणजे मेंदूवर उतरलेले धुके. शब्द चित्रमय आहे, पण थोडा फसवाही आहे. कारण धुके आपोआप विरते अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात रुग्णाला जे जाणवते ते अगदी ठोस आहे. बोलताना नेमका शब्द आठवत नाही. वाचलेल्या परिच्छेदाचा आरंभ शेवटापर्यंत लक्षात राहत नाही. दोन कामे एका वेळी सांभाळता येत नाहीत. गोंगाटात कोण काय बोलते ते कळेनासे होते. हातातील काम मध्येच थांबले, तर पुढची पायरी कोणती हे पुन्हा शोधावे लागते. आणि यावर कडी म्हणजे, प्रयत्न करून नेट लावला, तर काही तासांनी अथवा दुसऱ्या दिवशी शरीर आणि मेंदू दोन्ही एकदम ढासळतात. शारीरिक श्रमांनी होणारी ही पडझड बौद्धिक श्रमांनीही होते.

इंग्रजी जाणणाऱ्या कचेरीतील माणसाला आपल्या त्रासासाठी एक शब्द तरी मिळाला. घरकाम करणाऱ्या बाईपाशी 'डोकं चालत नाही', 'सारखं विसरायला होतं', 'अशक्तपणा आलाय' एवढेच शब्द असतात. दवाखान्यात ते शब्द टॉनिकच्या चिठ्ठीवर संपतात.

मेंदूत घडते काय?

प्रथम शंका अशी घेतली गेली की, हा सारा मनाचा खेळ असावा. टाळेबंदी, भीती, बेकारी, आप्तांचे मृत्यू यांनी माणसे खचली होती. तेव्हा विसरभोळेपणा आला यात नवल ते काय? ही शंका सर्वस्वी निराधार नव्हती. नैराश्य आणि निद्रानाश यांनीही अवधान ढळते. परंतु गेल्या काही वर्षांत जो पुरावा पुढे आला, त्याने केवळ मानसिक कारणांवर विसंबून राहणे अशक्य केले आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील ग्वेनाएल दुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन मार्च २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे वैशिष्ट्य असे की, त्यातील व्यक्तींच्या मेंदूचे चित्रण साथीपूर्वीच झालेले होते. ५१ ते ८१ वयाच्या ७८५ जणांचे पुन्हा चित्रण करण्यात आले. त्यांपैकी ४०१ जणांना मधल्या काळात कोविड झाला होता, आणि ३८४ जणांना झाला नव्हता. कोविड झालेल्यांच्या मेंदूत, विशेषतः गंध आणि स्मरण यांच्याशी संबंधित भागांत, दुसऱ्या गटाच्या तुलनेने ०.२ ते २ टक्के इतकी अधिक झीज आढळली. उतरत्या वयात स्मरणाशी निगडित भागांची दरसाल ०.२ ते ०.३ टक्के झीज होतच असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. यांपैकी बहुतेकांचा आजार सौम्य होता. रुग्णालयात दाखल झालेले १५ जण वगळूनही निष्कर्ष कायम राहिला. गुंतागुंतीची मानसिक कामे करण्याचा वेगही त्यांच्यात अधिक घटला होता.

मग विषाणू मेंदूत शिरतो काय? तसे घडलेच पाहिजे असे नाही. मिशेल मोंजे आणि अकिको इवासाकी या दोघींच्या चमूने २०२२ मध्ये 'सेल'मध्ये मांडलेले प्रयोग येथे फार बोलके आहेत. त्यांनी उंदरांना फक्त श्वसनमार्गाचा सौम्य कोविड होईल अशी योजना केली. मेंदूत विषाणू आढळला नाही. तरीही मेंदूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशी चवताळल्या, आणि सात आठवड्यांनंतरही शांत झाल्या नाहीत. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या मज्जापेशी निर्माण होण्याचे काम मंदावले. मज्जातंतूंवर वीजतारेवरील वेष्टनाप्रमाणे असणारे मायलिनचे आवरण उणावले. हे आवरण गेले की संदेशांचा वेग मंदावतो. मोंजे यांनी याआधी कर्करोगावरील औषधोपचारांनंतर रुग्णांना येणाऱ्या अशाच बौद्धिक मांद्याचा अभ्यास केला होता. दोन्हींतील साम्य त्यांच्या ध्यानी आले, ते त्यामुळेच.

रक्ताच्या बाजूनेही पुरावा आहे. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये निसर्गाने एक अतिशय काटेकोर पहारा ठेवलेला असतो. रक्तातील नको ते पदार्थ मेंदूत उतरू नयेत ही त्याची कामगिरी. डब्लिन येथील संशोधकांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये दाखवून दिले की, ज्या दीर्घ कोविडग्रस्तांना विचारशक्तीचा त्रास आहे, त्यांच्यात हा पहारा सैल झालेला दिसतो. ब्रिटनमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या १,८३७ रुग्णांच्या अभ्यासात, २०२३ मध्ये, आणखी एक धागा हाती लागला. आजार जोरात असताना ज्यांच्या रक्तात फायब्रिनोजेन आणि डी-डायमर हे गोठण्याशी संबंधित पदार्थ चढलेले होते, त्यांना सहा आणि बारा महिन्यांनी बौद्धिक अडचणी अधिक होत्या. त्यांपैकी डी-डायमरचा संबंध तर रुग्णांच्या कामधंद्यावर झालेल्या परिणामाशीही आढळून आला.

या सर्वांतून एकच एक कारण सिद्ध झालेले नाही. दाह, रक्ताच्या सूक्ष्म गुठळ्या, शरीरात रेंगाळणारा विषाणूचा अंश, मज्जासंस्थेच्या रसायनांतील बिघाड असे अनेक मार्ग संभवतात; वेगवेगळ्या रुग्णांत वेगवेगळे असू शकतात. हमखास गुण देणारे औषधही अद्याप नाही. परंतु एवढे निश्चित आहे की, हा आळस नव्हे, सोंग नव्हे आणि केवळ मनाची कमजोरीही नव्हे. तो शरीराला झालेला आजार आहे. 'विषाणू तर गेला, मग आता काय झाले?' या प्रश्नाला शास्त्राने दिलेले उत्तर असे की, आग विझली तरी घर भाजलेले असू शकते.

तीन गुणांचा अर्थ

आता मोजमापाकडे वळले पाहिजे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी इंग्लंडमधील १,१२,९६४ प्रौढांच्या बौद्धिक चाचण्या घेऊन त्यांचे निष्कर्ष फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. ज्यांना कोविड झालाच नव्हता त्यांच्याशी तुलना करता, कोविड होऊन पूर्ण बरे झालेल्यांत अल्पशी घट दिसली. ती बुद्ध्यंकाच्या परिभाषेत सुमारे ३ गुणांइतकी भरते. ज्यांची लक्षणे टिकून होती, त्यांच्यात ती सुमारे ६ गुण, आणि अतिदक्षता विभागात राहून आलेल्यांत सुमारे ९ गुण होती. दिलासा देणाऱ्या बाबीही याच अभ्यासात आहेत. दीर्घकाळची लक्षणे ज्यांची अखेर ओसरली, त्यांचे गुण लवकर बरे झालेल्यांच्या जवळपास आलेले होते. साथीच्या पुढील टप्प्यांत परिणाम सौम्य होत गेला. आणि लसीच्या दोन किंवा अधिक मात्रा घेतलेल्यांना थोडा लाभ झालेला दिसला.

'बुद्ध्यंक' हा शब्द ऐकताच समाजवादी कार्यकर्त्याने सावध व्हावे हे योग्यच आहे. या मापाचा वापर विशिष्ट वंशांना, वर्गांना आणि जातींना जन्मतः हीन ठरविण्यासाठी झालेला आहे. येथे मात्र त्याचा उपयोग वेगळा आहे. माणसामाणसांत उच्चनीच लावण्यासाठी तो येथे आलेला नाही. एका आजाराने केलेली हानी किती, हे इतर हानींशी ताडून पाहण्यापुरती ती एक मोजपट्टी आहे. शिवाय ही चाचणी इंग्लंडमधील, संगणक हाताळणाऱ्या स्वयंसेवकांची होती, हेही विसरून चालणार नाही.

तीन गुण ही क्षुल्लक गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. एका व्यक्तीपुरते ते बव्हंशी खरे आहे. रात्री झोप नीट झाली नाही तरी चाचणीत फरक पडतो. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सरासरी आणि तिच्या कडा यांतील भेद ठाऊक असतो. बुद्ध्यंकाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ मानले, तर हजारांपैकी सुमारे २३ माणसे ७० च्या खाली येतात. सर्वांचीच सरासरी तीन गुणांनी घसरून ९७ झाली, तर ही संख्या सुमारे ३६ होते. सरासरी केवळ तीन टक्क्यांनी हलली, पण ज्यांना दुसऱ्याच्या आधाराची गरज भासेल त्यांची संख्या निम्म्याहून अधिक वाढली. हे केवळ गणिताचे उदाहरण आहे. कोणत्याही देशात असेच घडले असा त्याचा अर्थ नाही. परंतु लहान हानी कोट्यवधींवर पसरली म्हणजे ती लहान राहत नाही, एवढे त्यातून कळावे.

घसारा कोणाला मिळतो?

पाठ्यपुस्तकांतील अर्थशास्त्र गेली कित्येक दशके 'मानवी भांडवल' हा शब्द वापरत आले आहे. थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर यांनी तो रूढ केला. शिक्षण आणि कौशल्य यांवर केलेला खर्च ही गुंतवणूक, आणि कामगाराची बुद्धी हे त्याचे भांडवल, असा तो विचार. तो क्षणभर मान्य करून पाहू. कारखान्यातील यंत्र झिजते, म्हणून मालकाला आयकरात घसाऱ्याची वजावट मिळते. यंत्राची झीज हा उत्पादनाचा खर्च आहे हे कायद्याने मान्य केलेले आहे. मग कामगाराची बुद्धी जर भांडवल असेल, तर तिच्या झिजेचा घसारा कोठे आहे? यंत्र बिघडले तर ते दुरुस्त करीपर्यंत उभे राहते, आणि त्याचा खर्च धंद्यावर पडतो. कामगाराचा मेंदू थकला तर तो रोजंदारीवरून कमी होतो, आणि त्याचा खर्च त्याच्या चुलीवर पडतो. 'मानवी भांडवला'तला 'मानवी' शब्द येथे गळून पडतो, आणि 'भांडवल' म्हणूनही त्याला यंत्राइतका मान मिळत नाही.

या आजाराचा सर्वमान्य सल्ला असा की, रुग्णाने आपल्या ताकदीच्या मर्यादेत राहावे, थकण्यापूर्वीच थांबावे, विश्रांतीचे हप्ते पाडून काम करावे. सल्ला अगदी बरोबर आहे. पण तो कोणाला पाळता येतो? पगारी रजा असणाऱ्या प्राध्यापकाला तो पाळता येतो. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. तिने हात सावकाश चालवला की मजुरी त्याच प्रमाणात उतरते. एस.टी.च्या चालकाने घाटात क्षणभर अवधान गमावले तर काय होईल हे सांगावयास नको. रुग्णालयातील परिचारिकेला औषधाची मात्रा दोनदा तपासावी लागते. अंगणवाडी सेविकेला नोंदवह्यांच्या ढिगाऱ्यात रकाने जुळवावे लागतात. 'बौद्धिक श्रम' म्हणजे केवळ सुशिक्षितांचे श्रम ही समजूत येथे गळून पडते. अवधान, स्मरण आणि निर्णय यांविना होणारे एकही काम जगात नाही. शेतात दारे धरणाऱ्या माणसालाही कोणते पाणी केव्हा वळवावे हे डोक्यातच ठेवावे लागते.

आणि संसर्ग कोणाला अधिक झाला होता? जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि नीती आयोग यांनी मुंबईच्या तीन विभागांत केलेल्या रक्तपाहणीत झोपडपट्ट्यांमधील सुमारे ५७ टक्के लोकांत संसर्गाची खूण आढळली. त्याच विभागांतील इतर वस्त्यांत ते प्रमाण सुमारे १६ टक्के होते. एकाच शहरात, एकाच महिन्यात, एकाच विषाणूचे हे दोन चेहरे. पुढे जून-जुलै २०२१ मधील देशव्यापी पाहणीत ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. त्यांतील काही लसीमुळे असली, तरी बहुतांश संसर्गाने आलेली होती. संसर्ग झालेल्या प्रत्येकाला दीर्घ कोविड होत नाही, बहुसंख्यांना होत नाही. परंतु जेथे संसर्ग अधिक, तेथे त्याचे अवशेषही अधिक असणार, हे समजण्यास मोठ्या विद्वत्तेची आवश्यकता नाही. तरीही या आजाराची दखल प्रामुख्याने मध्यमवर्गीयांच्या खाजगी दवाखान्यांतच घेतली गेली. झोपडपट्टीतील मेंदूला धुके चढत नाही असे नव्हे. ते पाहावयास तेथे कोणी जात नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडोत्तर विकारांच्या उपचारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्यांत मज्जासंस्थेच्या विकारांचाही अंतर्भाव होता. परंतु उपचाराची सूचना वेगळी आणि हक्काची मान्यता वेगळी. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी जाहीर झालेल्या ५० लाख रुपयांच्या विमा योजनेत आशा सेविकांचाही समावेश होता, हे चांगलेच झाले. पण तो विमा मृत्यूचा होता. महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशा सेविका घरोघर फिरून ताप आणि प्राणवायूची पातळी मोजत होत्या. मोबदल्यासाठी त्यांना जून २०२१ मध्ये संप करावा लागला. त्यांच्यापैकी एखादी दगावली तर तिच्या कुटुंबाला विमा. ती जगली, पण नोंदवहीतील बेरीज तिला जुळेनाशी झाली, तर काहीच नाही. राज्यसंस्थेच्या लेखी माणूस एक तर मेलेला असतो, नाही तर धडधाकट असतो. या दोहोंमध्ये जी विस्तीर्ण भूमी आहे, तेथे राहणाऱ्यांना नागरिकत्वच नाही.

कामगार चळवळीचा जुना धडा

हा प्रश्न कामगार चळवळीला नवा वाटण्याचे कारण नाही. कापसाच्या धुळीने फुप्फुसांना होणारा बिसिनोसिस हा विकार गिरणगावाला पिढ्यान्‌पिढ्या परिचित होता. त्याची छाती आवळण्याची तक्रार विशेषतः सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी उद्भवते. सुट्टी संपताच आजारी पडणारा कामगार मुकादमाच्या दृष्टीने कामचुकारच ठरणार. वास्तविक तो आजाराचाच नियम होता. पुढे कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातील व्यावसायिक रोगांच्या परिशिष्टात बिसिनोसिसला स्थान मिळाले. कायद्यात नाव आले म्हणजे भरपाई हाती पडली असे झाले नाही. परंतु नाव नव्हते तोवर दावा मांडण्यासही जागा नव्हती.

भोपाळचा धडा अधिक कठोर आहे. डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर जगलेल्यांपैकी बहुसंख्यांची इजा 'तात्पुरती' ठरवण्यात आली, आणि त्याच हिशेबाने भरपाई वाटली गेली. ज्यांचा श्वास, दृष्टी आणि काम करण्याची ताकद पुढे वर्षानुवर्षे परतली नाही, त्यांना कागदावरचा 'तात्पुरती' हा एक शब्द जन्मभर भोवला. आरंभी नोंद कशी होते, यावर पुढील न्याय अवलंबून असतो. दीर्घ कोविडच्या बाबतीत तर नोंदच होत नाही.

इतर देशांत काय झाले? अमेरिकेच्या न्याय आणि आरोग्य खात्यांनी जुलै २०२१ मध्ये स्पष्ट केले की, दीर्घ कोविड हे कायद्याच्या अर्थाने अपंगत्व ठरू शकते. २०२२ मध्ये स्कॉटलंडमधील रोजगारविषयक न्यायाधिकरणाने नोकरीवरून काढलेल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात हाच दृष्टिकोन घेतला. जर्मनीत आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांचा कोविड व्यावसायिक रोग म्हणून मान्य होतो. अमेरिकेतील ब्रुकिंग्ज संस्थेने ऑगस्ट २०२२ मध्ये असा अंदाज मांडला की, दीर्घ कोविडमुळे २० ते ४० लाख पूर्णवेळ कामगारांइतके श्रम त्या देशाला अंतरले असावेत. हे देश काही समाजवादी नाहीत. परंतु तेथील रुग्णांनी संघटितपणे प्रश्न लावून धरला म्हणून मान्यता मिळाली. ती टिकवण्यासाठीही झगडावे लागते. अमेरिकी सरकारने दीर्घ कोविडसाठी उघडलेले कार्यालय २०२५ मध्ये बंदही करून टाकले.

मागायचे काय?

पहिली मागणी मोजदादीची आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत आणि राज्याच्या आरोग्य पाहण्यांत कोविडनंतर टिकून राहिलेला थकवा, विस्मरण आणि अवधानाचा ऱ्हास यांविषयी प्रश्न असले पाहिजेत. ते लोकांच्या भाषेत असले पाहिजेत. 'ब्रेन फॉग आहे काय?' असे विचारून गावात उत्तर मिळणार नाही. 'हिशेब करायला पूर्वीपेक्षा जड जाते काय? काम करून आल्यावर दुसऱ्या दिवशी उठवत नाही काय?' असे विचारावे लागेल.

दुसरी मागणी सामाजिक विम्याची. कर्मचारी राज्य विमा योजनेत साधा आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवसांपुरता मिळतो. पण ३४ दीर्घकालीन व्याधींसाठी तो वेतनाच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढवण्याची तरतूद आहे. कोविडोत्तर विकाराला त्या यादीत स्पष्ट नावाने स्थान मिळाले पाहिजे. जे असंघटित श्रमिक या योजनेबाहेर आहेत, आणि देशातील बहुसंख्य श्रमिक बाहेरच आहेत, त्यांची ई-श्रम संकेतस्थळावर ३० कोटींहून अधिक नोंदणी झालेली आहे. नोंदणी झाली, पण आजारपणाचा लाभ तिला जोडलेला नाही. तो जोडला पाहिजे.

तिसरी मागणी व्यावसायिक रोग म्हणून मान्यतेची. आरोग्यसेवेत संसर्गाने जडणारे रोग व्यावसायिक मानण्याचे तत्त्व १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात होतेच. त्या कायद्याची जागा आता सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी तत्त्व शिल्लक आहे. प्रश्न आहे तो आशा सेविकांसारख्या स्त्रियांचा. त्यांना 'स्वयंसेविका' म्हटले की मालक उरत नाही, आणि मालक नसला की भरपाईही उरत नाही. कामगाराला कामगार म्हणा, ही चळवळीची जुनी मागणी येथे आरोग्याच्या प्रश्नाला येऊन मिळते.

चौथी मागणी अपंगत्वाच्या कायद्याची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले, त्यांत काही दीर्घकालीन मज्जाविकार आहेत, आणि यादी वाढवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. ज्यांचा बौद्धिक ऱ्हास वर्षानुवर्षे टिकला, त्यांच्यासाठी तो अधिकार वापरला गेला पाहिजे. त्याबरोबरच हलके काम, कमी तास, टप्प्याटप्प्याने कामावर परतण्याची मुभा यांना कामगार संघटनांनी आपल्या करारांत स्थान द्यावे.

पाचवी गोष्ट प्रतिबंधाची. कोविड नाहीसा झालेला नाही. हवा खेळती असलेले कारखाने आणि वर्ग, लसीकरण, आणि ताप असताना घरी राहता यावे म्हणून पगारी रजा, हे सारे मेंदूच्या आरोग्याचेही उपाय आहेत.

या मागण्या सरकारदरबारी मांडताना एक काम मात्र कार्यकर्त्यांना आजच आणि स्वतःच करता येण्यासारखे आहे. कामगार वस्तीत, शाखेत, युनियनच्या कचेरीत 'कोविड झाल्यापासून डोकं चालत नाही' असे कोणी सांगितले, तर ते ऐकून घ्यावे, लिहून ठेवावे, केव्हापासून आणि कोणत्या कामात अडचण येते त्याची नोंद करावी, तपासणीसाठी सोबत जावे. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह यांसारखी उपचार असलेली कारणेही तपासणीत निघू शकतात. स्वतः चळवळीतही असे साथी असतील. पूर्वी तासन्‌तास बैठका गाजवणारा एखादा कार्यकर्ता आता मुद्दा विसरतो, येण्याचे टाळतो. त्याची निष्ठा पातळ झाली असा निर्णय देण्यापूर्वी त्याच्या प्रकृतीची चौकशी व्हावी.

शरीर थकलेल्या माणसाला निदान आपली तक्रार मांडता येते. ज्याचे विचार करण्याचे साधनच दुखावले आहे, त्याला ती मांडण्यासाठीही तेच दुखावलेले साधन वापरावे लागते. अर्ज लिहावयाचा तोही त्याच मेंदूने, कार्यालयांचे खेटे घालावयाचे तेही त्याच ताकदीने. अशा माणसाकडून एकट्याने लढण्याची अपेक्षा ठेवणे क्रूरपणाचे आहे. ज्याला स्वतःची बाजू एकट्याने मांडता येत नाही, त्याची बाजू सर्वांनी मिळून मांडावी, यासाठीच तर संघटना असते.